वकिलातीच्या दारात जाण्याआधी

परदेशी सरकारकडून संस्थेसाठी मदत मिळवायची असेल, तर अर्जाचा नमुना सगळ्यांत शेवटी उघडावा. हे मी ठामपणे सांगते, कारण आमचा अर्ज चांगला होता. गरज खरी होती, आकडे खरे होते. पाहणीला आलेल्या वकिलातीच्या माणसांनी वसतिगृहातल्या मुलींची गैरसोय डोळ्यांनी पाहिली होती आणि मदत द्यायची त्यांची तयारीही होती. तरीही त्या वर्षी तो पैसा आमच्या जामनेरपर्यंत पोचला नाही. अर्जात काही अडलंच नाही. अडलं ते संस्थेच्या कपाटातल्या जुन्या कागदांत.

दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा ‘कोयता’, म्हणजे तोडणीची जोडी, ठरलेला असतो. मुलगी त्यांच्याबरोबर फडावर गेली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यात तिचं वर्ष जातं, आणि एकदा शाळा सुटली की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा मुलींनी मागे राहून शिकावं म्हणून आमची लहानशी संस्था वसतिगृह चालवते. राहायला खोल्या होत्या. पण न्हाणीघरं आणि शौचालयं पुरेशी नव्हती, आणि पाणी इतकं जड की भांड्यांवर पांढरे थर बसत. त्यासाठीच आम्ही मदत मागितली होती.

अशी मदत देणाऱ्या योजना खऱ्याखुऱ्या आहेत, हे आधी सांगते. जपान सरकार १९८९ पासून जगभरातल्या लहान संस्थांना तळागाळातल्या कामांसाठी थेट अनुदान देतं. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईतल्या जपानच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात, आणि एका कामासाठी साधारण १ कोटी येनपर्यंतची मर्यादा दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलियाचा ‘डायरेक्ट एड प्रोग्राम’ यापेक्षा लहान रकमांचा. जर्मनीचा दूतावासही छोट्या प्रकल्पांना हात देतो. आमच्याकडे बऱ्याच जणांना परदेशी मदत म्हटलं की अजिंठा आठवतो, कारण तो इथून जवळ. तिथल्या जतनासाठी आणि पर्यटन विकासासाठी जपानने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये पैसा दिला. पण ते दोन सरकारांमधलं कर्ज होतं. गावातल्या संस्थेचा त्या वाटेशी संबंध येत नाही. आपली वाट वेगळी, अरुंद, आणि तिच्या तोंडाशी आपल्याच देशाचा एक कायदा उभा आहे.

तो म्हणजे परकीय योगदान नियमन कायदा. सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. पहिला कायदा १९७६ चा, आताचा २०१० चा, आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. परदेशी सरकार, त्याची वकिलात, परदेशी कंपनी, परदेशी प्रतिष्ठान यांच्याकडून एक रुपया घ्यायचा तरी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक यांना यातून वगळलं आहे, वकिलातींना नाही. ‘सरकारच देतंय, मग परवानगी कशाला?’ असं मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलं आहे.

इथे आपल्या माणसांबद्दलही सांगायला हवं. जळगाव-धुळ्याची पुष्कळ मुलं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थिरावली आहेत आणि गावाच्या शाळेला, वसतिगृहाला काही द्यावं असं त्यांना मनापासून वाटतं. ज्याच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, त्याने नेहमीच्या बँकेच्या मार्गाने दिलेली देणगी परकीय ठरत नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो जामनेरात जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, तरी कायद्याच्या नजरेत तो परकीय स्रोत. ओसीआय कार्ड असलं तरीही. म्हणून पावती फाडण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. विचारताना संकोच वाटतो, पण देणारा माणूस हे समजून घेतो.

परवानगीचे दोन मार्ग आहेत. पहिला नोंदणीचा, ती पाच वर्षांसाठी असते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. दुसरा मार्ग पूर्वपरवानगीचा: एकच दाता, एकच काम, ठरलेली रक्कम. यासाठी दात्याचं वचनपत्र अर्जासोबत जोडावं लागतं.

१५ लाखांची अट लहान संस्थांना फार जड जाते, आणि त्यामागे आपल्या खानदेशाची एक सवयही आहे. सुगी झाली की शेतकरी वसतिगृहाला ज्वारीची पोती देतात, कुणी तूरडाळ देतो, कुणी केळीचे घड पाठवतो. गवंडी मजुरी घेत नाही. हे सगळं मनातल्या वहीत राहतं, हिशेबाच्या वहीत येत नाही. मग मुलींना वर्षभर जेवू घालणारी संस्था ताळेबंदात दहा जणांच्या भजनी मंडळाएवढी दिसते. वस्तुरूप देणगीची पावती कशी फाडायची आणि ती हिशेबात कशी दाखवायची, हे आपल्या सीएला आजच विचारा. तीन वर्षांनी विचारून उपयोग नाही, मागचे ताळेबंद पुन्हा लिहिता येत नाहीत.

आम्ही पूर्वपरवानगीच्या मार्गाने गेलो. वकिलातीचं पत्र हातात होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यात प्रत्येक पदाधिकाऱ्याचं नाव, आधार क्रमांक, आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीशी जुळणारी माहिती. आमचे जुने अध्यक्ष वारले होते. नवे अध्यक्ष सर्वानुमते निवडले होते, ठराव इतिवृत्तात होता, सह्या होत्या. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असा बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, द्यावा लागतो, आणि त्यावर आदेश झाल्यावरच आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकवर नवं नाव चढतं. आमच्या परिशिष्टावर अजून वारलेल्या अध्यक्षांचंच नाव होतं. म्हणजे गावाच्या नजरेत संस्थेला अध्यक्ष होता, कागदावर सही करायला कुणी नव्हतं.

शिवाय नावं. आमच्या एक विश्वस्त भगिनी संस्थेच्या स्थापनेच्या वेळी अविवाहित होत्या. घटनेत त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅन कार्डावर आडनाव आधी आणि बँकेत शेवटी. ही सगळी नावं एकाच बाईची, हे तालुक्यात कुणालाही विचारलं तरी सांगेल. संगणकाला ते कुणी सांगायचं? विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, मग प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती. स्त्रियांनी संस्थांमध्ये पदं घ्यावीत असं मला फार वाटतं, आणि म्हणूनच सांगते: बाईला विश्वस्त करतानाच तिची सगळी कागदपत्रं एका नावावर आणून घ्या, नाहीतर ऐनवेळी ‘त्यांचं नाव काढून टाका, सोपं होईल’ अशी सूचना येते. आमच्याकडेही ती आली. आम्ही ती मानली नाही.

बदल अर्जाची सुनावणी आपल्या गतीने होते. नोटीस, हरकती, पुरावा, आदेश हा क्रम टाळता येत नाही. तेवढ्यात मदत देणाऱ्या देशाचं आर्थिक वर्ष संपलं आणि वचनपत्राची मुदतही. वकिलातीने अत्यंत सौजन्याने कळवलं की पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा. त्या हिवाळ्यात मुली पहाटे अंधारात रांगेत उभ्या राहिल्या. मला त्या वर्षाबद्दल सगळ्यांत जास्त हेच लागलं.

याच काळात आम्हाला एक सल्लागार भेटले. शहरातले, बोलण्यात तरबेज. ‘तुमचं नोंदणीचं राहू द्या, माझ्या ओळखीची नोंदणी असलेली संस्था आहे, पैसा तिच्या खात्यात घेऊ, तिथून तुमच्याकडे वळवू, माझे दहा टक्के.’ पूर्वी मोठ्या संस्था अशा रीतीने लहान संस्थांना रीतसर पैसा देत असत आणि खेड्यातली कितीतरी चांगली कामं त्यावर उभी राहिली. २०२० च्या दुरुस्तीने हा मार्ग पूर्ण बंद केला. ज्याने परकीय पैसा घेतला त्यानेच तो वापरायचा, दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही. मला वैयक्तिक विचाराल तर या तरतुदीने तालुक्या-तालुक्यांतल्या लहान संस्थांचं मोठं नुकसान केलं आहे. पण कायदा आहे तोवर असा वळसा घेणारी संस्था आपल्याबरोबर दुसरीलाही बुडवते. आणि टक्केवारी? कोणतीही वकिलात अर्जासाठी पैसे घेत नाही. ‘तुमचं अनुदान मंजूर झालं आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा आहे, एवढं कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कागद जुळल्यावर पुढची कामं तुलनेने सरळ आहेत. परकीय पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावरच्या, उघडलेल्या खात्यातच जमा होतो. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, आपल्या जवळच्या स्टेट बँकेतून कागद पाठवता येतात. तिथून खर्चासाठी गावाकडच्या बँकेत वेगळं खातं ठेवता येतं. त्या खात्यात स्थानिक देणगीचा एक रुपयाही मिसळू देऊ नका. कुणी चांगल्या भावनेने शंभर रुपये टाकले तरी ते निस्तरणं कठीण होतं. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. आणि दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत मागच्या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र, पैसा आला नसला तरी.

जागेचं मात्र थांबून सांगते. बांधकामासाठी मदत मागणाऱ्या कितीतरी संस्था गायरानावर किंवा कुणाच्या तरी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. ‘आबांनी दिली आहे, ते कशाला परत मागतील’ हे आबांच्या हयातीत खरं असतं. देणारा सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागतो, नाहीतर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरानावरचं बांधकाम आणखी नाजूक झालं आहे. जागा आपल्या नावावर नसेल तर इमारत मागू नका, हलवता येईल असं साहित्य मागा.

अंदाजपत्रकाला जीएसटीसह तीन दरपत्रकं जोडायची, आणि तिन्ही खरी. एकाच दुकानदाराकडून तीन लेटरहेडवर घेतलेली पत्रकं पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. कार्यकारिणीतल्या कुणाच्या मेहुण्याची कंपनी त्यात नको. करारावर सही होण्याआधी केलेली खरेदी मंजूर रकमेतून भागवता येत नाही, त्यामुळे उत्साहाने खड्डे खणू नका. रक्कम परदेशी चलनात ठरते, म्हणून रुपयाचा भाव हलला तर कमी पडणारा भाग कुठून येणार, याचं उत्तर तयार ठेवा.

आणि पगार मागू नका. जपानच्या योजनेसारख्या मदतीत पगार आणि रोजचा खर्च बसतच नाही. ते विचारतात: यंत्र बसलं, त्याचं वीजबिल कोण भरणार, फिल्टर कोण बदलणार, पाच वर्षांनी काय? याचं उत्तर ‘देव पाहील’ असं देणाऱ्यांना मदत मिळत नाही, आणि मिळूही नये. नादुरुस्त होऊन धूळ खात पडलेली शुद्धीकरण यंत्रं आपल्या जिल्ह्यात मी शाळांच्या पडवीत पाहिली आहेत. आम्ही पालकांची बैठक घेतली. हंगामाहून परतल्यावर प्रत्येक कोयत्यामागे थोडी रक्कम देखभाल निधीत टाकायची असं त्यांनीच ठरवलं, आणि तो ठराव आम्ही अर्जाला जोडला. महाराष्ट्रात जर्मनीच्या मदतीने झालेल्या पाणलोटाच्या कामांतही हेच सूत्र होतं. जर्मनीचा पैसा नाबार्डमार्फत येई, १९९३ मध्ये फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापन केलेली ‘वॉटर’ ही संस्था गावं तयार करी, आणि श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावाने आधी पाळून दाखवल्यावरच मोठं काम सुरू होई. गावाचा घाम आधी, निधी नंतर.

पुढे कागद पूर्ण झाले, नव्याने अर्ज केला, परवानगी मिळाली, आणि न्हाणीघरं उभी राहिली. या काळात जे सुरू झालं त्याची कल्पना कुणी दिली नव्हती, म्हणून लिहिते. चौकशीला केंद्राच्या यंत्रणेचे अधिकारी गावात येऊन गेले, आणि लगेच चहाच्या टपरीवर बातमी झाली की संस्थेला परदेशातून कोटी आले. ‘ताई, किती पैसा आला?’ हा प्रश्न बाजारात, बसमध्ये, लग्नात. काहींना तर आम्ही धर्म बदलायला निघालो आहोत असंही वाटलं. चिडून उपयोग नव्हता. गावाला विचारायचा हक्क आहे, पैसा गावाच्या मुलींसाठीच आला होता. आम्ही मंजुरीपत्र, कराराची रक्कम, ठेकेदाराचं बिल आणि खात्यातली शिल्लक मोठ्या अक्षरांत लिहून वसतिगृहाच्या भिंतीवर लावली, आणि ग्रामसभेत सगळा जमाखर्च वाचला. त्या सभेत एका म्हाताऱ्या बाबांनी नळाच्या तोट्यांचा भाव जास्त लागला आहे असं दाखवून दिलं. त्यांचं बरोबर होतं. आम्ही ठेकेदाराकडून फरक परत घेतला, वकिलातीला कळवलं, आणि त्यांच्या लेखी परवानगीने त्या पैशांत मागच्या बाजूला कपडे धुण्याचा ओटा बांधला.