किरणोपचारानंतरचें तोंड

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत (स्थापना १९४१) मुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन डहाणू-तलासरीकडे परतलेला मनुष्य बरा दिसतो. परंतु जेवावयास बसला कीं त्याचे हाल कळतात. उपचारांत तोंडास आलेले फोड बहुधा कांहीं आठवड्यांत भरतात. लाळेच्या ग्रंथींस झालेली इजा मात्र महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें राहते. लाळ आटली म्हणजे घास उतरत नाहीं, चव लागत नाहीं, रात्रीं जीभ टाळूस चिकटते. तो ताटावरून उठला तर तें रुसणें नव्हे. त्यास पेज, मऊ भात, आपल्याकडचा पिकला चिकू दुधांत कुस्करून द्यावा. तिखट, आंबट टाळावें. उशाशीं पाण्याचा तांब्या असावा.

श्री. शरद पवार यांच्यावर २००४ सालीं मुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही ते वर्षानुवर्षें सभांतून बोलत आले. उच्चार बदलला म्हणून आजोबांनीं बोलणें सोडूं नये. जबडा आखडूं नये म्हणून रुग्णालयांत शिकविलेला तोंड उघडण्याचा व्यायाम, विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं त्यांजकडून रोज करवून घ्यावा.

आणि दांत दुखला तरी परस्पर उपटवूं नये. किरण लागलेल्या जबड्याची जखम सहज भरत नाहीं, हाड कुजण्याचें भय असतें. परळ दूर खरें. तरी आधीं तेथील डॉक्टरांस विचारावें.