बदकं उडतात, पण गोळी का लागत नाही?

प्रश्न : दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, बदकं मारायच्या कॅसेटसकट. नव्या पातळ टीव्हीला जोडला. चित्र आलं, बदकं उडाली, कुत्राही हसला. पण गोळी एकही लागत नाही. बंदूक बिघडली असेल का? आणि लहानपणापासूनची शंका म्हणजे, काचेच्या आतल्या बदकाला नेम कळायचा कसा? आमची आई तर म्हणायची, ‘त्या बंदुकीनं पिक्चर ट्यूब जाईन बाप्पा!’
— एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : बंदूक बहुधा धडधाकट आहे, अडचण नव्या टीव्हीची आहे. पण आधी आईंची भीती दूर करू. या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, किरणसुद्धा नाही. नळीत एक भिंग असतं आणि त्याच्यामागे उजेड ओळखणारा छोटासा भाग. बंदूक फक्त समोर बघते आणि काय दिसलं ते वायरीतून गेमच्या डब्याला कळवते. तिच्यामुळे पिक्चर ट्यूब जाण्याचं काही कारणच नव्हतं.

आता नेमाचं. तुम्ही चाप ओढला की खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो. त्याच्या पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी तेवढा एक पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात, आणि उजेड कितव्या चित्राला दिसला त्यावरून कोणतं बदक ते ठरतं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला 50 वेळा चित्र रंगवलं जायचं. त्यामुळे हे सगळं आटोपेपर्यंत डोळ्यांना नुसती एक लुकलुक जाणवायची.

‘बंदूक बल्बकडे धरली तरी बदक पडतं’ असं सांगणारा एखादा मित्र प्रत्येकाला भेटलेला असतो. 1972 च्या मॅग्नावॉक्स ओडिसी या यंत्राच्या बंदुकीला असं फसवता यायचं. बदकांच्या खेळात तो काळा पडदा त्याचसाठी आहे. अंधार दिसायला हवा तेव्हाही बंदुकीला उजेड दिसला, तर नेम बाद.

नव्या टीव्हीवर हे गणित दोन ठिकाणी बिघडतं. जुन्या टीव्हीत किरण पडद्यावर एकेक ओळ आखत जायचा, सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी. बंदुकीतलं सर्किट त्याच वेगानं लुकलुकणारा उजेड ओळखतं. पातळ टीव्हीचा उजेड तसा नसतो. शिवाय नवा टीव्ही आलेलं चित्र आधी नीटनेटकं करतो आणि मग दाखवतो. त्यात थोडासा वेळ जातो, आणि चौकोन पडद्यावर उमटेपर्यंत डब्याची वाट पाहण्याची मुदत संपलेली असते. सेटिंग बदलून हे जमणार नाही. कुणाकडे जुना डबा टीव्ही चालू असेल तर त्यावर खेळून बघा. मात्र त्याचं मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही आत जबर व्होल्टेज साठलेलं असतं.

हा खेळ म्हणजे निन्टेन्डोचा 1984 चा ‘डक हंट’. आपल्याकडे ‘सामुराई’, ‘मीडिया’ अशा नावांच्या डब्यांबरोबर तो घराघरांत पोचला. यातली युक्ती मात्र बरीच जुनी आहे. 1936 मध्ये अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीच्या यंत्रात बंदूक उजेड फेकायची आणि तो ओळखणारा भाग बदकात असायचा. पुढे शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा प्रकाशावर चालणारे सेल घेऊन निन्टेन्डोकडे गेले. तिथल्या गुनपेई योकोई यांनी त्यातून 1970 च्या सुमारास उजेडाच्या बंदुकीचं खेळणं बनवलं. उएमुरांनी नंतर निन्टेन्डोतच नोकरी धरली आणि हा खेळ ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र तयार केलं. जुन्या, स्वस्त भागाला नवं काम शोधून द्यायचं ही योकोईंची रीत. ‘डक हंट’मध्ये तर बदकानं चमकायचं आणि बंदुकीनं बघायचं अशी सीबर्गच्या यंत्राच्या नेमकी उलट वाटणी आहे. मला ती अजूनही थक्क करते.

बदकांचं उडणंही विचारपूर्वक आखलेलं आहे. कापशी तलावावरची बदकं उठली की दूर निघून जातात. खेळातली मात्र पडद्याच्या कडांना टेकून पुन्हा आत वळतात, कारण तीन गोळ्या झाडण्याइतका वेळ ती समोर राहायला हवीत. नेम चुकला की हसणाऱ्या त्या कुत्र्यावर घरच्या कॅसेटमध्ये कितीही गोळ्या झाडा, त्याला काही होत नाही. नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर मात्र बोनसच्या फेरीत त्याला चुकून गोळी लागू शकते.

डबा टीव्ही मिळालाच, तर एकच बदक असलेला पहिला खेळ लावा आणि दुसरा रिमोट आईंच्या हातात द्या. त्या रिमोटनं बदक हवं तसं वळवता येतं.