सिकलसेल तपासणी : रिपोर्ट नीट समजून घेऊया

"पोरगं तर धडधाकट आहे, मग रक्त कशाला तपासायचं?" सिकलसेल तपासणीच्या वेळी पालक हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून शिक्षकांना त्याचं उत्तर माहीत हवं.

सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पोट असह्य दुखतं. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत हा आजार जास्त दिसतो. विदर्भात इतर समाजांतही आढळतो. तो आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही.

रिपोर्ट काय सांगतो?
प्रत्येकाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतं.
• एए : निरोगी
• एएस : वाहक. सहसा काही त्रास नाही, औषधाची गरज नाही.
• एसएस : रुग्ण. नियमित उपचार हवेत.

पहिली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी. बोटातलं थोडं रक्त द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं तर चाचणी पॉझिटिव्ह. पण मूल वाहक आहे की रुग्ण, हे यातून कळत नाही! त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावीच लागते. ती होईपर्यंत घाबरू नका, पण टाळूही नका.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर?
मूल निरोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, रुग्ण २५ टक्के. "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची सुटली" असा हिशेब चालत नाही. दर गरोदरपणात शक्यता तेवढीच राहते. म्हणूनच लग्नाआधी दोघांची तपासणी महत्त्वाची.

वर्गात आपण काय करायचं?
• रुग्ण मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला कधीही जाऊ द्या.
• कडक ऊन, थंडी, दमवणारी धावपळ टाळा.
• दुखतंय म्हटलं तर ते नाटक समजू नका. ताप आला तर पालकांना लगेच कळवा.
• आजारपणात बुडालेला अभ्यास भरून द्या.
• वाहक मुलाला खेळातून वगळू नका.

आणि सर्वात महत्त्वाचं, रिपोर्ट वर्गात मोठ्याने वाचू नका. एका चिठ्ठीवरून मुलीचं लग्न मोडतं, मुलाला चिडवलं जातं. मग पुढच्या वेळी पालक रक्तच देत नाहीत.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणी सरकार करेल, पण रिपोर्टचा अर्थ पालकांना घरच्या भाषेत सांगणं आपल्याच हातात आहे.