नजाशीच्या दरबारातील दोन दिवस

वारकरी मनुष्य इस्लामविषयी पुष्कळ ऐकतो, पण ते बहुधा तिसऱ्याच्याच तोंडून. शेजारचा मुसलमान ओट्यावर बसून आपली श्रद्धा स्वतः सांगतो आहे आणि आपण निवांतपणे ऐकतो आहोत, असा योग थोड्यांच्याच वाट्याला येतो. आला तरी अडचण असतेच. त्याने सांगावे कसे, आपण ऐकावे कसे, हे कोणीच शिकवलेले नसते. म्हणून या पाठात आम्ही एक जुना प्रसंग घेतला आहे. परधर्मीयांपुढे इस्लाम मांडण्याचा हा बहुतेक पहिलाच मोठा प्रसंग, आणि तोही असा की मांडणाऱ्यांचा जीव त्यावर टांगलेला.

इ. स. ६१५ च्या सुमाराची गोष्ट. मक्केत पैगंबर हजरत महंमद यांच्या मागे जाणाऱ्यांचा छळ चालला होता, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळजण समुद्र ओलांडून हबसाणात गेले. हबसाण म्हणजे आजच्या इथिओपिया-एरिट्रियाकडचा मुलूख. आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्द्यांना हबशी म्हणतात, तो शब्द याच देशावरून आला. तेथील राजाला अरब लोक नजाशी म्हणत. राजा ख्रिस्ती होता आणि न्यायी म्हणून त्याचा लौकिक होता. पुढे जी हकीकत देत आहोत ती इब्न इस्हाक याने लिहिलेल्या पैगंबरांच्या चरित्रात आहे, आणि ती सांगणारी उम्म सलमा ही बाई स्वतः त्या निर्वासितांत होती.

मक्केच्या कुरैश पुढाऱ्यांनी त्या लोकांना परत आणण्यासाठी दोन वकील पाठवले. त्यांतला अम्र इब्न अल्-आस मोठा हुशार गृहस्थ. त्यांनी मक्केची नावाजलेली कातडी नजराण्याला नेली आणि आधी काय केले, तर दरबारातल्या एकेका सरदाराला त्याचा वाटा पोचवला. मसलत अशी की, राजाने या लोकांचे ऐकून घेण्याच्या आतच सरदारांनी सांगावे, द्या यांना हवाली करून! सरदारांनी तसे सांगितलेही. पण राजा रागावला. माझ्या आश्रयाला आलेल्यांना विचारल्याशिवाय मी सोडणार नाही, असे म्हणून त्याने त्यांना बोलावणे धाडले. धर्मगुरूही आपापल्या पोथ्या उघडून बसले.

निर्वासितांच्या वतीने जाफर इब्न अबी तालिब बोलला. हा पैगंबरांचा चुलतभाऊ, हजरत अलींचा थोरला भाऊ. त्याने सुरुवात कोठून केली ती पहा. देव कसा आहे, स्वर्ग कसा आहे, तुमचे कोठे चुकते, यातले काही नाही. त्याने आधी आपल्याच लोकांची पूर्वीची दशा सांगितली. आम्ही अडाणी होतो, मूर्ती पूजत होतो, मेलेले जनावर खात होतो, नात्याला जागत नव्हतो, आमच्यातला बळकट दुबळ्याला गिळत होता. मग आमच्यातूनच एक पुरुष उभा राहिला. त्याचे कूळ आणि त्याचा खरेपणा आम्ही आधीपासून ओळखून होतो. एका देवाला भजा, खरे बोला, ठेव परत करा, शेजाऱ्याशी नीट वागा, पोरक्या मुलाचे धन खाऊ नका, प्रार्थना करा, दान द्या, उपास करा, असे त्याने सांगितले. आम्ही ते मानले म्हणून आमचे लोक आमच्यावर उठले, आणि दुसऱ्या कोणाकडे न जाता आम्ही तुमच्या आश्रयाला आलो.

राजाने विचारले, त्याने आणलेले काही तुजपाशी आहे काय? जाफरने कुराणाच्या मरियम नावाच्या अध्यायाचा आरंभ म्हणून दाखवला. त्यात म्हाताऱ्या जकरियाला झालेल्या मुलाची आणि मरियेच्या पोटी येशूच्या जन्माची कथा आहे. राजाची दाढी आसवांनी भिजली, धर्मगुरूंच्या पोथ्या भिजल्या. हे आणि येशूने आणलेले एकाच कोनाड्यातल्या दिव्याचे उजेड आहेत, अशा अर्थाचे राजा बोलला आणि वकिलांना त्याने वाटेला लावले.

जाणता कीर्तनकार सभा पाहून अभंग घेतो, हे वारकऱ्याला सांगायला नको. जाफरनेही तेच केले. ख्रिस्ती सभेपुढे त्याने मरियेची कथा काढली. कोणी म्हणेल, ही तर युक्ती झाली. युक्ती की काय ते दुसऱ्या दिवशी ठरले.

अम्र परत दरबारात आला. हे लोक येशूविषयी भयंकर बोलतात, विचारून तर पहा, असे त्याने राजाला सुचवले. निर्वासितांवर खरा बाका प्रसंग हा. ख्रिस्ती मनुष्य येशूला देवाचा पुत्र मानतो, आणि देवाला पुत्र नाही हा तर इस्लामचा गाभा. गोलमाल उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. त्यांनी रात्री आपसात विचार केला आणि ठरवले की, होईल ते होवो, आम्हाला जे शिकवले आहे तेच सांगू. जाफरने भर सभेत सांगितले की, येशू हा देवाचा दास, त्याचा प्रेषित, कुमारी मरियेच्या ठायी घातलेला त्याचा शब्द आणि त्याच्याकडचा आत्मा आहे. पुत्र म्हटले नाही, आणि आदरातही कसूर केली नाही. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हटले, तू सांगितलेस त्याहून येशू या काडीइतकाही वेगळा नाही. सरदार कुरकुरले. राजाने त्यांना जुमानले नाही आणि नजराणे परत केले. जाफर आणि त्याचे सोबती तेथे सुखाने राहिले. तो परतला इ. स. ६२८ मध्ये.

आमच्या मते पहिल्या दिवसापेक्षा दुसरा दिवस मोलाचा. जुळते तेवढेच सांगणारे पुष्कळ भेटतात. न जुळणारे विचारले असता, तेही समोरच्याचा मान राखून, सांगणारा विरळा. आणि राजाचाही वाटा विसरू नये, कारण त्याने विचारले आणि ऐकले.

आता आपल्या ओट्याकडे येऊ. येथे पहिला घोटाळा शब्दांचा. जुन्या मराठी पुस्तकांत ‘महंमदी धर्म’ असे छापलेले आढळते. मुसलमानाला ते रुचत नाही, कारण तो महंमदांची उपासना करीत नाही. पैगंबर हा फारसी शब्द, अर्थ निरोप आणणारा, एवढाच. अल्ला हे कोणा निराळ्या देवाचे नाव आहे असेही पुष्कळांना वाटते. पण अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही आपल्या देवाला अल्लाच म्हणतात. इस्लाम म्हणजे स्वतःला देवाच्या हवाली करणे, आणि शरणागती काय ते वारकऱ्याला समजते. जकात म्हणजे शहराच्या नाक्यावरची जकात नव्हे बरे! ठराविक मर्यादेपलीकडे जी शिल्लक वर्षभर राहील तिचा चाळिसावा हिस्सा गोरगरिबांना देणे, ही ती जकात.

दुसरा घोटाळा दगडाचा. आपण म्हणतो, तेही मक्केत काळ्या दगडाला मुका देतात की! याला उत्तर त्यांच्या दुसऱ्या खलिफाने, हजरत उमरने, त्या दगडासमोर उभे राहूनच दिले आहे. तू दगड आहेस, तुझ्याने ना बरे होते ना वाईट, पैगंबरांनी तुला मुका दिलेला पाहिला म्हणून मी देतो, असे तो म्हणाला. काबा ही प्रार्थनेची दिशा आहे, पूजेची वस्तू नव्हे. हे ऐकल्यावर आपल्यालाही आपली बाजू सांगावी लागते, की वारकरी विटेवर काय पाहतो. एकनाथ महाराजांच्या हिंदु-तुर्क संवादात हीच खडाजंगी आहे. दोघे एकमेकांची उणीदुणी काढतात, कोणी कोणाला सोडत नाही, आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. पैठणच्या त्या महापुरुषाने भांडण झाकले नाही, हे आम्हाला फार मोठे वाटते.

अलीकडचेही एक उदाहरण आहे. २००६ मध्ये पोपच्या एका व्याख्यानावरून मुसलमान जगात क्षोभ झाला, तेव्हा १३८ मुसलमान विद्वानांनी ऑक्टोबर २००७ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंना एक खुले पत्र लिहिले. देवावरील प्रेम आणि शेजाऱ्यावरील प्रेम या दोन गोष्टींपासून त्यांनी बोलणे सुरू केले. वाट जाफरचीच. पुढच्याच वर्षी रोममध्ये दोन्हीकडची मंडळी एकत्र बसली.

आपल्यात आणि मुसलमान शेजाऱ्यात अंतर काडीएवढे नाही, हे मात्र खरे. देव रूप घेऊन पुंडलिकासाठी विटेवर उभा राहतो, हे आपले सर्वस्व. देव रूप घेत नाही आणि त्याच्या जोडीला कोणी नाही, हे त्याचे सर्वस्व. म्हणून ‘तुमचा अल्ला आणि आमचा विठोबा एकच ना हो?’ असे त्याला एकदम विचारू नये. तो भिडेपोटी हो म्हणेल आणि बोलणे तेथेच खुंटेल. त्यापेक्षा विचारावे, पहाटे उठून तुम्ही नमाजात काय म्हणता? अर्थ सांगा की, चाचा. मग त्याचा चहा निवू द्यावा आणि मध्ये बोलू नये.