घरातील धूळ आणि पायाखालची फरशी

घरात केर काढायला सुरुवात झाली, की सटासट शिंका येतात, डोळे चुरचुरतात, रात्री छातीत घुरघुर होते, अशी एखादी व्यक्ती तुमच्या माहितीत असेलच. तिला धुळीची ॲलर्जी, म्हणजेच धुळीचे वावडे असू शकते. अशा घरात जमीन कोणती असावी? उत्तर देण्यापूर्वी आपण या धुळीचीच ओळख करून घेऊ.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली योजला. परंतु घरच्या धुळीत नेमके काय बाधते, याचा उलगडा व्हायला बराच काळ गेला. 1964 मध्ये हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी एका सूक्ष्म जीवाकडे बोट दाखवले. हा धूळकिडा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा आणि जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा असतो. आपल्या त्वचेचे गळालेले कण हे त्याचे अन्न. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतील प्रथिने श्वासावाटे आत जातात आणि त्रास देतात.

धूळकिडा पाणी पीत नाही. हवेतील बाष्प शोषून घेतो. म्हणून त्याला दमट हवा मानवते. आता मुंबईच्या उत्तर टोकाचे दहिसर डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पश्चिमेला खाडी आणि मधून वाहणारी दहिसर नदी. पावसाळ्यात येथील हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा 80 टक्क्यांच्या वर असते. धूळकिड्याला याहून अधिक काय हवे?

आता जमिनीकडे वळू. गालिच्याच्या धाग्यांत धूळकिड्याला निवारा, अन्न व ओलावा अशा तिन्ही गोष्टी मिळतात. म्हणून अशा घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नकोच. मोझेक, चिनी मातीच्या किंवा व्हिट्रिफाइड लाद्या, घोटलेली कोटा फरशी यांपैकी काहीही चालेल. शहाबादीही चालेल, मात्र खडबडीत पृष्ठभागात आणि रुंद सांध्यांत धूळ अडकते, म्हणून ती घोटलेली आणि सांधे नीट भरलेले हवेत. थोडक्यात, फरशीच्या किमतीपेक्षा तिचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा.

पण गुळगुळीत फरशीवरची धूळ चटकन उडतेही! थोडे गणित करू. 20 मायक्रॉन व्यासाचा, पाण्याइतक्या घनतेचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे 1.2 सेंटिमीटर खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला दोन मिनिटे पुरतात. व्यास दहा पटींनी कमी केला, तर वेग शंभर पटींनी घटतो. 2 मायक्रॉनचा कण साडेतीन तास तरंगत राहतो. पंख्याखाली तर हा काळ आणखी वाढतो. म्हणून कोरडा केर न काढता ओल्या फडक्याने पुसावे व फरशी लगेच वाळू द्यावी. हे काम ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने करू नये.

फरशी बदलली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. धूळकिड्यांचे मोठे वसतिस्थान म्हणजे आपली गादी व उशी. आणि रात्रभर आपले नाक तिथेच असते! चादरी व अभ्रे दर आठवड्याला सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास धूळकिडे मरतात. पैसे बेताचेच असतील, तर आधी अंथरुणाकडे लक्ष द्यावे आणि फरशीचा खर्च मागाहून करावा. दम्याचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.

करून पाहा : रात्री खोलीत अंधार करा आणि विजेरीचा झोत आडवा धरा. मित्राला आधी कोरड्या झाडूने आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने जमीन साफ करायला सांगा. झोतात चमकणारे कण कोणत्या दिवशी जास्त दिसले? का? (धुळीचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये, दुसऱ्याकडून निरीक्षणे मागवावीत.)