हिवतापाची लस आणि सूक्ष्म कणांची योजना

पावसाळा आला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील बांधकामांवर साचलेल्या पाण्यात ॲनॉफिलिस डासांची पैदास होते आणि हिवतापाचे रुग्ण वाढतात. मग या रोगावर लस का निघू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे.

हिवतापाच्या परजीवीच्या प्रथिनाचा सुटा तुकडा टोचला, तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठ व पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या 'आर-२१' लशीत हा तुकडा 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूच्या पृष्ठप्रथिनाला जोडला आहे. ही प्रथिने आपोआप एकत्र येऊन विषाणूसारखे, पण निरुपद्रवी कण बनतात. प्रत्येक कणावर तोच तुकडा दाटीने मांडलेला असल्याने प्रतिकारक पेशींना तो चटकन ओळखता येतो. जोडीला 'मॅट्रिक्स-एम' हे साहाय्यक द्रव्य असते. चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतले सॅपोनिन, कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड यांचे ते सुमारे ४० नॅनोमीटरचे कण होत. लशीचा परिणाम वाढविण्यासाठी ॲल्युमिनियमचे क्षार १९२६ पासून माहीत आहेत. त्यामानाने ही रचना बरीच सूक्ष्म म्हणावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान मुलांसाठी या लशीची शिफारस केली. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती नियमित लसीकरणात आली.

मात्र ती फाल्सिपेरम या घातक जातीविरुद्ध आहे. मुंबईत व्हायवॅक्सही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो यकृतात दडून राहून पुन्हा उलटतो. त्यामुळे उपनगरांत गच्चीवरील टाक्यांची झाकणे घट्ट बसविणे हे काम महापालिकेच्या कीटकनाशक विभागाला आणि गृहनिर्माण संस्थांना चुकलेले नाही.