शाळेच्या संगणकाचं दार : लॉगिन स्क्रीन कशी लावावी, कशी सजवावी?



आपल्या जिल्हा परिषद शाळांत बहुतेक ठिकाणी संगणक एकच आणि हात अनेक. सकाळी त्यावर चौथीची पोरं चित्र रंगवतात, दुपारी आपण त्याच संगणकावर यू-डायसची माहिती भरतो. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर, बँक खात्यांच्या याद्या, सगळं त्यातच पडलेलं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण 'बालक' आहे. म्हणजे आपली सगळीच पोरं. ही माहिती सांभाळायची पहिली जागा म्हणजे संगणकाचं दार, अर्थात लॉगिन स्क्रीन.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकणं हा चांगला पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात. म्हणून आजचा पाठ मिंटच्या सिनॅमन आवृत्तीवर घेऊ.

आधी समजून घेऊ

पूर्वी संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर 'लॉगिन' एवढाच शब्द यायचा. चित्रमय लॉगिन दाखवणारा एक्सडीएम हा प्रोग्राम १९८८ मध्ये आला. मिंटमध्ये हे काम लाइटडीएम करतो. त्याचे दोन भाग ध्यानात ठेवा. एक भाग पडद्यामागे राहून पासवर्ड तपासायला लावतो आणि बरोबर असला तर आत घेतो. दुसरा भाग, ज्याला ग्रीटर म्हणतात, तो नावं आणि चित्र दाखवतो. आपण सजवतो तो ग्रीटर. त्यामुळे चित्र बदललं म्हणून कुलूप बदलत नाही, हे आधीच समजून घ्या.

पायरी १ : खाती वेगळी करा

मेनूमधून 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' आणि त्यात 'यूझर्स अँड ग्रुप्स' उघडा. शिक्षकाचं खातं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आणि मुलांचं 'स्टँडर्ड' ठेवा. प्रत्येक मुलाचं खातं काढू नका, यादी लांबते आणि पहिलीतलं पोरगं त्यात हरवते. वर्गवार खाती पुरतात. यूझरनेम इंग्रजी लहान अक्षरांतच द्यावं लागतं, पण पूर्ण नाव मराठीत लिहिता येतं आणि लॉगिनवर तेच दिसतं : 'इयत्ता तिसरी'.

प्रत्येक खात्याला छोटं चित्रही द्या. चिखलदरा-धारणीकडे घरी कोरकू बोलणारी लेकरं पहिलीत येतात, तेव्हा त्यांना मराठी अक्षरं यायची असतात. पण मोराचं चित्र म्हणजे आपला वर्ग, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळते.

पायरी २ : शिक्षकाचं फोल्डर बंद करा

खाती वेगळी केली म्हणजे काम झालं असं नाही. काही आवृत्त्यांत एका खात्यातून दुसऱ्याच्या फाइल वाचता येतात. शिक्षकाच्या होम फोल्डरवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'परमिशन्स', आणि 'अदर्स' समोर 'नन' निवडा.

पायरी ३ : पडदा सजवा

'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' मध्येच 'लॉगिन विंडो' आहे. तिथे पार्श्वभूमीचं चित्र निवडता येतं. नेटवरचं चित्र कशाला घेता? अकोल्याच्या पोरांना नरनाळा किल्ला काढायला सांगा, अमरावतीच्यांना गाविलगड. चांगल्या चित्राचा मोबाईलवर आडवा फोटो घ्या. नावांची यादी डावीकडे येते, म्हणून ती बाजू मोकळी असलेलं चित्र निवडा.

इथे एक अडचण हमखास येते. फोटो शिक्षकाच्या होम फोल्डरमध्ये असला, तर लॉगिनवर तो दिसतच नाही. कारण पायरी २ मध्ये आपण ते फोल्डर बंद केलं, आणि लॉगिन होण्याआधी ग्रीटरलाही आत जाता येत नाही. म्हणून फोटो सिस्टीमच्या 'बॅकग्राउंड्स' फोल्डरमध्ये ठेवा. 'ड्रॉ यूझर बॅकग्राउंड्स' हा पर्याय बंद करा, म्हणजे सगळ्यांना हेच चित्र दिसेल.

पायरी ४ : या चार गोष्टी तपासा

१. ऑटोमॅटिक लॉगिन बंद ठेवा. आपल्याकडे लाइन जाते-येते. लाइन आल्यावर कोणीही संगणक सुरू केला, तर सरळ शिक्षकाचंच खातं उघडेल.

२. पाहुण्यांसाठी 'गेस्ट सेशन' सुरू करा. लॉगआउट केलं की त्यातलं सगळं पुसलं जाते, म्हणून मुलांचं काम त्यात ठेवू नका.

३. पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल, तर कीबोर्ड मराठीवर आहे का ते बघा. आकडे टाकायचे असतील तर नमलॉक बघा.

४. खुर्चीवरून उठताना कंट्रोल, आल्ट आणि एल या तीन कळा एकदम दाबा. पडदा कुलूपबंद होते. विंडोजवर विंडोज कळ आणि एल.

दाराची मर्यादा

लॉगिन स्क्रीन म्हणजे तिजोरी नव्हे. पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून हार्डडिस्क वाचता येते. ते थांबवायचं असेल तर मिंट टाकतानाच होम फोल्डर एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवडावा लागतो. मग मात्र पासवर्ड विसरला की फाइलही गेल्या, म्हणून वेगळी प्रत कपाटात कुलपात ठेवा. आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवायचा नाही, हे सांगायलाच नको!

दप्तरमुक्त शनिवारी हे काम मुलांना सोबत घेऊन करा. चित्र त्यांचं, खात्याचं नाव त्यांनी ठरवलेलं. फक्त शिक्षकाचा पासवर्ड टाकताना त्यांना मान फिरवायला सांगा आणि का ते समजावून द्या. दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा नसते, आपला कोणाला सांगायचा नसते, ही सवय याच वयात लागते.